तराजूचा दोष

आमच्या इकडे एखाद्या कारखानदारानें बौद्धिक अक्षमता असलेल्या दोनचार तरुणांस कामावर घेतलें, कीं लागलीच सत्कारसभा भरते. हारतुरे होतात, वक्ते त्याच्या थोर अंतःकरणाचे गोडवे गातात, आणि ज्यांना कामावर घेतलें ते तरुण मागच्या बाकावर बसून टाळ्या वाजवितात. ही प्रशंसा आम्हांस निरुपद्रवी वाटत नाहीं. नोकरी हें दान ठरलें म्हणजे वेतन ही भिक्षा ठरते. आणि भिक्षा थोडी घातली म्हणून दात्यास जाब विचारण्याची चाल आपल्यांत नाहीं.

ज्यांना हें कडू लागेल त्यांनीं जपानांतील एका खडूच्या कारखान्याकडे पाहावें. ‘निहोन रिकागाकू’ हा कारखाना १९३७ सालीं निघाला. संस्थापकांचे चिरंजीव यासुहिरो ओयामा तेथील कारभार पाहात असतां १९५९ सालीं एका विशेष शाळेचे शिक्षक आले आणि आपल्या विद्यार्थिनींना नोकरी द्यावी अशी विनंती करूं लागले. ओयामांनीं नकार दिला. शिक्षक पुन्हां आले, पुन्हां नकार. तिसऱ्या खेपेस त्यांनीं नोकरीची गोष्टच सोडली. काम म्हणजे काय हें न कळतांच या मुलींचा जन्म आश्रमांत जाईल, निदान थोडे दिवस त्यांना काम करूं द्या, एवढेंच मागितलें. दोन मुली दोन आठवड्यांकरितां आल्या. मुदत संपत आली तेव्हां कामगारच ओयामांकडे गेले आणि यांना ठेवून घ्या, कमी पडेल तें आम्ही संभाळूं, असें म्हणाले. १९६० सालीं त्या दोघी नोकरींत रुजू झाल्या.

येथवरची कथा दयेची आहे, आणि ओयामाही ती तशीच सांगत. आश्रमांत सुखानें राहतां येत असतां या मुली कष्ट करावयास कां येतात, हें कोडें त्यांना सुटेना. एका झेन भिक्षूनें त्यांना सांगितलें कीं, माणसाचीं खरीं सुखें चार: प्रेम मिळणें, शाबासकी मिळणें, उपयोगीं पडणें आणि कोणास आपली गरज असणें, पैकीं शेवटचीं तीन कामांतून मिळतात.

उपदेश उत्तम आहे. परंतु त्याहून आम्हांस तराजूची गोष्ट मोलाची वाटते. खडूसाठीं भुकट्या वजन करून मिसळाव्या लागतात. आंकडे न वाचणाऱ्यानें हें कसें करावें? ओयामांच्या कारखान्यानें माणसास आंकडे शिकविण्याचा हट्ट सोडला. तांबड्या डब्यांतील भुकटीस तांबडें वजन, निळ्या डब्यांतील भुकटीस निळें. कांटा मध्यावर आला कीं माप बरोबर. ज्यास घड्याळ कळत नसे त्याच्यापुढें वाळूचें घड्याळ ठेविलें. इतके दिवस जो दोष माणसाच्या माथीं मारला जात होता, तो तराजूचा निघाला!

धंदा म्हणजे धर्मशाळा नव्हे, असा आक्षेप येईलच. या कारखान्यांतील ७० टक्क्यांहून अधिक कामगार बौद्धिक अक्षमता असलेले आहेत, आणि जपानांतील खडूच्या बाजारांत तो आज अग्रेसर आहे. मात्र सगळा भार लहान कारखानदारानेंच वाहावा, असें ओयामाही म्हणत नसत. तीव्र अक्षमता असलेल्यांच्या किमान वेतनाचा भार शासनानें उचलावा, असा त्यांचा आग्रह होता. कायदा त्यांच्या मागून चालला. १९६० चा जपानी कायदा शारीरिक अपंगत्वापुरताच होता. बौद्धिक अक्षमता सक्तीच्या प्रमाणांत धरली गेली ती १९९८ पासून. आपल्या २०१६ च्या कायद्यानें सरकारी जागांत ४ टक्के राखून ठेविल्या, आणि त्यांतील १ टक्का स्वमग्नता, बौद्धिक अक्षमता, मानसिक आजार इत्यादिकांत वाटून दिला. खाजगी धंद्यांस सक्ती नाहीं, उत्तेजनाची भाषा आहे. म्हणून तेथें सारें मालकाच्या मर्जीवर, म्हणजे पुन्हां त्याच थोर अंतःकरणावर येऊन ठेपतें.

ओयामा २०१९ सालीं वारले. आमच्याकडे पुढील सत्कारसभेचें बोलावणें आलें, तर आम्ही अवश्य जाऊं. परंतु भाषण ऐकण्यापूर्वीं मागच्या बाकावर बसून त्या तरुणांस महिन्याचा पगार किती मिळतो, तें विचारूं.