जर आणि तर

संकेतार्थी वाक्ये शिकवायला आम्हां मराठीच्या मास्तरांना घरकर्जाच्या करारासारखा उतारा शोधून सापडायचा नाही! त्यातला ‘जर’ नेहमी कर्जदाराचा, ‘तर’ धनकोचा. जर हप्ता थकला, तर उरलेले सारे कर्ज एकदम मागण्याचा हक्क बँकेला! तिचीही बाजू आहे. हे कलम नसते, तर तिला एकेका थकलेल्या हप्त्यासाठी वेगळे भांडावे लागते.

१८७५ साली पुणे जिल्ह्यातल्या सुप्याला शेतकऱ्यांनी सावकारांची खतेच जाळली. मग १८७९ चा कायदा कुळांच्या मदतीला आला. आजचा ‘तर’ मात्र सुटसुटीत आहे. हप्ता ९० दिवसांहून अधिक थकला, की २००२ च्या कायद्याने बँक ६० दिवसांची नोटीस देते आणि पैसे न आल्यास खटला न भरता घराचा ताबा मागू शकते.

पण कर्जदाराचेही दोन ‘तर’ आहेत. नोटिशीवर लेखी हरकत घेतली, तर बँकेला १५ दिवसांत कारणांसह उत्तर द्यावे लागते. दंड लावला, तर त्यावर पुन्हा व्याज चढवायचे नाही, असे रिझर्व्ह बँकेने २०२३ साली बजावले आहे.

पाडव्याला नव्या घराचा विचार असेल, तर तोरणाआधी करार वाचा. सही झाल्यावर व्याकरण बदलत नाही!