गिटारचा स्टँड विकत आणू नका!

पालकहो, मुलाला गिटार घेऊन दिलीत, छान केलंत. पण ती भिंतीला टेकवून ठेवू नका. आमच्या वर्गातली तशीच घसरली नि मानेपाशी तडकली. स्टँड मात्र विकत आणू नका, मुलाकडूनच करून घ्या. पाऊण इंची पीव्हीसी पाइप, थोडे एल्बो आणि टी एवढंच लागतं. पाइप मोठ्यांनी कापावा, मोजमाप मुलाने करावं. पाया अरुंद झाला तर स्टँड कलंडतो. गिटार जरा मागे रेलली की स्थिर राहते. गुरुत्वमध्य असा हाताला कळतो. गिटार टेकते तिथे सुती कापड गुंडाळा, कारण रबराचे डाग काही पॉलिशवर पडतात. पहिला स्टँड डगमगेलच. चूक कुठे झाली ते त्यालाच शोधू द्या. तोवर तुम्ही फक्त गिटार धरून उभे राहा.