शाखेचा हिशेब त्याच रात्री यावा

अहिल्यानगर जिल्ह्यात आपल्या अनेक बांधवांचा किराणा, मसाला व सुकामेव्याचा धंदा आहे. एक दुकान नगरला, दुसरे श्रीरामपूर वा संगमनेरला, असा पसारा वाढला की जुनी पद्धत अपुरी पडते. आठवड्याने आलेल्या वहीवरून माल मागवला, तर एका दुकानातून गिऱ्हाईक शेवयांविना परत जाते आणि दुसऱ्यात खोकी पडून राहतात. भांडवल मात्र अडकते.

रेशन दुकानात ई-पॉस यंत्रावर अंगठा लागला की धान्याची नोंद लगेच सरकारी सर्व्हरवर जाते. सर्व्हर बंद पडला की रांग खोळंबते, हेही खरे. म्हणून महागड्या यंत्राचा आमचा आग्रह नाही. दुकान बंद करताना विक्री, शिल्लक, उधारी आणि संपत आलेला माल, एवढ्या चार बाबी वहीत लिहून फोनवरून मुख्य दुकानात कळवाव्यात.

हिजरी वर्ष इंग्रजी वर्षाहून सुमारे 11 दिवसांनी लहान असते. त्यामुळे गेल्या वर्षीची तीच इंग्रजी तारीख पाहून खजूर भरणे नुकसानीचे ठरते. नोंदीत हिजरी तारीखही घालावी, म्हणजे पहिल्या रोजाची तुलना पहिल्या रोजाशीच होईल.

सूरह अल-बकरहच्या 282 व्या आयतीत मुदतीचे देणे, लहान असो वा मोठे, लिहून ठेवण्याचा आदेश आहे. हातोहात होणाऱ्या व्यवहाराला तेथे सवलत आहे, शाखेतल्या उधारीला नाही. रोजचा लेखी हिशेब मालकाचा पैसा वाचवतो आणि नोकरावरचा नाहक संशयही टाळतो. येत्या रमजानपूर्वी बांधवांनी ही सवय लावून घ्यावी, अशी आमची विनंती आहे.