छत कूपेचं, हप्ता आपला

पाम बीच रोडवर मागे उतरत्या छताची गाडी सुसाट गेली, की मान वळतेच ना? पण खरी कूपे म्हणजे दोन दारं, ठेंगणी बांधणी आणि मागे नावापुरती सीट. आपल्याकडे गाडी अख्ख्या घरासाठी येते, मग आजी बसणार कुठे? म्हणून कंपन्यांनी एसयूव्हीची उंची आणि चार दारं ठेवून छत तेवढं कूपेचं घेतलं.

2024 मध्ये सित्रोएन बसाल्ट 7.99 लाखांपासून आली, टाटा कर्व्ह पेट्रोल 9.99 लाखांपासून. महिंद्राच्या चाकणमध्ये बनणाऱ्या बीई सिक्स आणि एक्सईव्ही नाइन ई या इलेक्ट्रिक जोडीला तर 14 फेब्रुवारी 2025 ला, पहिल्याच दिवशी, 30,179 बुकिंग मिळाली. म्हणजे लुक विकला जातो, पण घरात मावला तरच.

आता खिशाचं बघू. जाहिरातीतला आकडा एक्स-शोरूम असतो. 9.99 लाखांच्या पेट्रोल गाडीला महाराष्ट्रात 11 टक्के रोड टॅक्स, म्हणजे जवळपास 1.10 लाख, इन्शुरन्स वेगळा. आठ लाखांचं कर्ज 9 टक्क्यांनी पाच वर्षांसाठी घेतलं, तर महिन्याचा हप्ता साधारण 16,600. पहिल्या पगारातून एवढे गेल्यावर हातात काय उरेल?

शोरूममध्ये जाल तेव्हा आधी मागच्या सीटवर बसा, डोकं छताला लागतंय का बघा. मगच विचारा, ‘ऑन-रोड किती?’