चीनमधील पहिला हिवाळा

कोंकणांतल्या माणसास थंडी ठाऊक असते ती पांघरुणापुरती. आमच्या उरणास कार्तिक लागला कीं पहाटे खाडीवरून गार वारा सुटतो, वडील मंडळी मफलर काढतात, आणि दहा वाजले कीं ऊन पुनः चटके देऊं लागतें. अशा गांवचें मूल शिक्षणासाठीं चीनला निघालें म्हणजे घरांतून पहिला प्रश्न येतो, ‘तिकडे पारा किती उतरतो?’ माझी पुतणी वैद्यकीच्या अभ्यासासाठीं नानजिंग येथें असते; तिचे हाल पाहिल्यावर वाटतें कीं हा प्रश्न चीनपुरता तरी अगदीं अपुरा आहे.

छिनलिंग पर्वत व हुआइ नदी यांवरून त्या देशाच्या मध्यांतून एक पूर्वपश्चिम रेघ जाते. १९५० नंतरच्या दशकांत सरकारनें या रेघेच्या उत्तरेकडील शहरांत इमारती तापविण्याची व्यवस्था सुरू केली. मोठ्या बंबांतलें ऊन पाणी नळांनीं खोल्याखोल्यांतून फिरतें. बीजिंगमध्यें ही ऊब १५ नोव्हेंबरपासून १५ मार्चपर्यंत मिळते, आणि खोलींत निदान १८ अंश राखावे असा दंडक आहे. दक्षिणेस मात्र ती सोय बहुतेक ठिकाणीं आजही नाहीं. म्हणून हार्बिनला बाहेर पारा शून्याखालीं वीस अंश गेला तरी विद्यार्थी खोलींत साध्या सदऱ्यावर वाचीत बसतो. आणि यांगत्सेकांठच्या नानजिंगला पारा शून्याच्या वर असूनही ओल्या गारठ्यामुळें वर्गांत कोट उतरवत नाहीं. खोलींत हवा तापविणारें यंत्र असलें, तरी तें बंद केलें कीं घटकाभरांत भिंती पुनः गार!

चिनी पंचांगांतला हिवाळ्याचा आरंभ, ‘लीदुंग’, ७ नोव्हेंबरच्या सुमारास येतो; म्हणजे आपल्या दिवाळीच्या आगेमागे. थंडी आणि घरची आठवण हीं दोन्हीं एकदमच अंगावर येतात.

मार्गशीर्षांतल्या एका गुरुवारीं मोबाइलवर बोलतांना पोर सारखे हात बाह्यांत लपवी. सासूबाईंच्या नजरेंतून तें सुटलें नाहीं. बोटें लाल होऊन सुजलेलीं, रात्रीं खाजेनें झोंप नाहीं. ओल्या गारठ्यानें असें होतें, आणि त्या भागांत हें घरोघर ठाऊक आहे; पण ‘परत ये’ म्हणतील या धास्तीनें तिनें चकार शब्द काढला नव्हता. धास्ती निराधार नव्हती. फीसाठीं भावजींनीं प्रॉव्हिडंट फंडांतून पैसे काढलेले. शिवाय २०२१ च्या भारतीय नियमांप्रमाणें निदान ५४ महिन्यांचा अभ्यास व १२ महिन्यांची उमेदवारी परदेशांतल्या एकाच संस्थेंत पुरी करावी लागते. एकदां निवडलेल्या शहरांतच पांच-सहा हिवाळे काढावयाचे! तेव्हां प्रवेश घेण्यापूर्वीं पालकांनीं विचारावें तें हें, कीं वसतिगृह व वर्ग तापविलेले असतात काय.

सासूबाईंच्या मनांत त्या रात्रीं सोलापूरच्या डॉ. द्वारकानाथ कोटणीसांचें नांव आलें. ते १९३८ सालीं चीनला गेले, चिनी भाषा शिकले, आणि हेबेई प्रांतांत रुग्णसेवा करतां करतां ९ डिसेंबर १९४२ रोजीं, ऐन हिवाळ्याच्या तोंडीं, वारले. ते अपस्मारानें गेले, थंडीनें नव्हे, हें त्यांस पुनःपुन्हां सांगावें लागलें. वसंत परांजपे १९४७ सालीं विद्यार्थी म्हणूनच पेकिंग विद्यापीठांत गेले आणि पुढें पंडित नेहरूंचे दुभाषे झाले, हेंही सांगितलें; पण आजीच्या काळजीपुढें इतिहासाचें काय चालणार?

पुतणीस बोलावून घेतलें नाहीं. हात धुतल्यावर तत्काळ कोरडे करावे, आंतून लोंकरी मोजे घालावे, आणि गारठलेलीं बोटें एकदम कढत पाण्यांत बुडवूं नयेत, हें तिच्याच शिक्षकांनीं तिला शिकविलें. आम्हीं डिंकाचे लाडू आणि कोकमतेलाचा एक गोळा धाडला. (ओठ फुटतात त्यावर कोकमतेलासारखें दुसरें कांहीं नाहीं, हें माझें मत.)

डिसेंबरच्या २१-२२ तारखेस उत्तर चीनमध्यें पिठाच्या पारींत सारण भरून उकडलेले ‘ज्याओत्झ’ खातात. न खाणाऱ्याचे कान गारठून गळतात म्हणे! ही चाल चांग चुंगचिंग या प्राचीन वैद्यानें पाडली अशी आख्यायिका आहे. वैद्याचें नांव निघतांच सासूबाईंचा विरोध मावळला. सारणांत काय असतें एवढेंच त्यांनीं विचारून घेतलें. बहुधा मांस असतें, परंतु कोबीचेंही मिळतें, असें पुतणीनें कळविलें आहे.