उवांचा उपाय एकेकट्याचा नव्हे

शाळकरी मुलांच्या डोक्यातील उवा हा गंभीर चर्चेचा विषय मानला जात नाही. उवांमुळे कोणी दगावत नाही. डोक्यातील ऊ कोणताही रोग पसरवीत नाही. तथापि खाजेने झोपमोड होते, नखांनी झालेल्या जखमा चिघळतात, अभ्यासात लक्ष लागत नाही. त्याहून मोठी हानी अप्रतिष्ठेची. शेजारी बसण्यास नकार, केस कापण्याची सक्ती, घरी पाठवणी हा दंड बहुधा मुलींच्याच वाट्याला येतो.

या दंडामागील समजूतच मुळात चुकीची आहे. ऊ उडत नाही, उडीही मारत नाही. डोक्याला डोके भिडले की ती चालत जाते. स्वच्छ केसही तिला वर्ज्य नाहीत. उवांपायी निरोगी मुलाला शाळेबाहेर ठेवू नये, असे अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०२२ मध्येही बजावले आहे.

प्रश्नाचे खरे स्वरूप आर्थिक आहे. वसईच्या किनाऱ्यावरील भुईगावासारख्या गावात एखाद्या मातेने औषध आणले, रात्र रात्र बसून फणीने लिखा काढल्या, तरी शेजारच्या बाकावरील मुलीच्या घरी ते परवडले नसेल, तर पंधरवड्यात सारा खर्च आणि श्रम वाया जातात. मग कोणी रॉकेलचा घातक मार्ग धरतो, कोणी प्रयत्नच सोडतो. ज्या खर्चाचे फळ शेजाऱ्याच्या खर्चावर अवलंबून असते, तो एकेकट्या कुटुंबावर सोपवून भागत नाही.

हे तत्त्व शासनाला अपरिचित नाही. २०१५ पासून राष्ट्रीय जंतनाशक दिनी शाळाशाळांतून एकाच दिवशी गोळ्या दिल्या जातात, त्यामागे हाच विचार आहे. मुलांच्या आरोग्य तपासणीचा राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम तर २०१३ मध्ये पालघर येथूनच सुरू झाला. त्यात त्वचारोगांची तपासणी होतेच. तीत उवांची पाहणी सहज सामावेल. सर्व मुलांची डोकी एकाच दिवशी पाहावीत, ज्यांना उवा आहेत त्यांना व त्यांच्या घरातील बाधितांना औषध आणि बारीक दातांची फणी विनामूल्य द्यावी. औषधाने सर्व अंडी मरतातच असे नाही. म्हणून सात ते दहा दिवसांनी तोच उपचार पुन्हा करावा. पाहणी मात्र आडोशाला व्हावी, नावे वर्गात वाचली जाऊ नयेत.

याहून मोठे प्रश्न ग्रामीण शाळांपुढे आहेत, हे मान्यच करावे लागेल. परंतु यंत्रणा हाताशी आहे आणि खर्च अल्प आहे. तो शासनाने टाळला, तर तो नाहीसा होत नाही; मुलींच्या मानहानीच्या रूपाने तो वसूल होतच राहतो.