लेकराचा हात लुळा पडतो तेव्हा

लकवा हा म्हातारपणाचा आजार, अशी आपल्या वस्त्यांमधून समजूत आहे. साठी उलटली, बी.पी. वाढलं, एक अंग गेलं, एवढंच आपण पाहिलेलं. पण पाच-सात वर्षांच्या लेकरालाही लकवा होतो, हे कळलं की घर हादरतं. मग कोणी म्हणतं वारं गेलं, कोणी म्हणतं नजर लागली. बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या घरातही अशा वेळी अंगारा शिरतो. म्हणून सेलू तालुक्यातील मायबहिणींसाठी यामागचं खरं कारण आम्ही आज मांडत आहोत. कारणाशिवाय दुःख नाही, हीच तर तथागतांची शिकवण आहे.

मेंदूला रक्त नेणाऱ्या दोन मोठ्या वाहिन्या गळ्याच्या दोन्ही बाजूंनी वर जातात. काही मुलांत या वाहिन्या कवटीत शिरल्यावर, जिथे त्यांना फाटे फुटतात तिथेच, आतून जाड होत जातात आणि अरुंद पडतात. रक्त कमी पडू लागलं की शरीर आपली सोय करतं. मेंदूच्या तळाशी केसासारख्या बारीक वाहिन्यांचं जाळं तयार होतं. तपासणीच्या फिल्मवर हे जाळं धुराच्या लोटासारखं दिसतं. जपानमधील डॉक्टरांनी १९५७ मध्ये या आजाराची प्रथम नोंद केली आणि १९६९ मध्ये सुझुकी व ताकाकू यांनी त्याला ‘मोयामोया’ हे नाव रूढ केलं. जपानी भाषेत त्याचा अर्थ धूसर, धुरकट.

बोर धरणाच्या कालव्यावर ओलीत करणाऱ्यांना हे चटकन समजेल. मोठा कालवा गाळाने भरला की पाणी बारीक पाटांनी वाट काढतं. पण त्या पाटांनी टोकाचं शेत भिजत नाही. आणि पाणी जोरात आलं तर पाटाची कच्ची मेर फुटते. मेंदूचंही तसंच. रक्त पोचलं नाही तर तो भाग सुकतो, म्हणजे लकवा. मुलांत बहुधा हेच घडतं. बारीक वाहिनी फुटली तर मेंदूत रक्तस्राव होतो. मोठ्या माणसांत हा धोका अधिक.

निव्वळ मोयामोया आपल्याकडे विरळा. पण त्याच्यासारखाच बिघाड सिकलसेलच्या मुलांत होऊ शकतो, आणि सिकल विदर्भाला नवा नाही. शुक्ला आणि सोलंकी या डॉक्टरांनी १९५८ मध्येच मध्य भारतातील सिकलबद्दल ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात लिहिलं होतं. या आजारात तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात, कडक होतात, वाहिनीच्या आतल्या अस्तराला इजा करतात. वर्षानुवर्षं तसं होत राहिलं की मेंदूची मोठी वाहिनी अरुंद होते आणि तेच धुराचं जाळं उभं राहतं.

कोणी याला एखाद्या जातीचा रोग म्हणेल, तर त्याला ठणकावून सांगा की हा हिवतापाच्या मुलखातला वारसा आहे. सिकलचा एकच अंश असलेल्या वाहकाला जीवघेण्या हिवतापापासून बरंच संरक्षण मिळे, म्हणून तो अंश टिकला. आदिवासी बांधवांत आहे, आपल्यात आहे, इतर समाजांतही आहे. त्यात लाज कसली?

आता लक्षणं. तोंड एका बाजूला वाकडं होणं, हातातली पाटी गळून पडणं, पाय ओढत चालणं, बोबडं बोलणं. मोयामोयाच्या काही मुलांत खूप रडल्यावर किंवा जोरजोरात श्वास घेतल्यावर हात लुळा पडतो आणि काही मिनिटांत पूर्ववत होतो. भराभर श्वासाने मेंदूच्या वाहिन्या आकसतात, म्हणून असं होतं. बरं झालं म्हणून गप्प बसू नका. तो येणाऱ्या लकव्याचा इशारा असतो. तडक १०८ ला फोन करा. तोंडात पाणी, काढा काही ओतू नका. गिळता न आल्यास ते श्वासनलिकेत जातं. मूल सिकलचं असेल तर डॉक्टरांना पहिल्या वाक्यातच सांगा, कारण उपचार त्यावर ठरतो.

लकवा येण्याआधीही धोका ओळखता येतो. नळीच्या तोंडावर अंगठा ठेवला की पाण्याची धार जोरात सुटते. तसंच अरुंद वाहिनीतून रक्त वेगाने धावतं. डोक्यावरून केलेल्या सोनोग्राफीत हा वेग मोजतात. सुई नाही, दुखणं नाही. वेग सेकंदाला २०० सेंटिमीटर किंवा त्याहून अधिक आला तर धोका मोठा. अशा मुलांना नियमित रक्त दिलं तर पहिल्या लकव्याचा धोका नव्वद टक्क्यांहून अधिक घटतो, हे १९९८ मध्ये अमेरिकेतील अभ्यासाने दाखवलं. हायड्रॉक्सियुरिया या गोळीचाही उपयोग होतो. सिकलच्या मुलाची ही तपासणी दोन वर्षांच्या वयापासून दरवर्षी व्हावी. सेलूहून सेवाग्राम, सावंगी, नागपूर दूर नाही. ही तपासणी कुठे होते ते आपल्या डॉक्टरांना विचारा. मोयामोयात कानशिलावरची वाहिनी मेंदूच्या वाहिनीला जोडण्याची शस्त्रक्रियाही करतात.

आणि सोयरीक जुळवताना? आपण पत्रिका सोडल्या, चांगलं केलं. आता सिकल तपासणीचा कागद बघा. दोघंही वाहक असतील तर दर बाळंतपणाला चारांत एक शक्यता आजारी मुलाची असते. वाहक मुलीला नाकारायचं नाही. दोघांनी आधी जाणून घेऊन डॉक्टरांचा सल्ला घ्यायचा. आणि दोष एकट्या सुनेवर टाकायचा नाही. असं मूल आई आणि बाप दोघांकडून आलेल्या अंशामुळे आजारी असतं.

सिकलसेल निर्मूलनाचं राष्ट्रीय अभियान २०२३ मध्ये सुरू झालं. अपंगत्वाच्या २०१६ च्या कायद्यात सिकलचा समावेश आहे. आशाताईंना विचारा, हक्काने मागा.

आमच्या तरुण मंडळांना शेवटी एकच सांगणं. १४ एप्रिलला मिरवणूक जरूर काढा, पण त्याच दिवशी रक्तदानही करा. दर महिन्याला रक्त लागणारं लेकरू आपल्याच एखाद्या वस्तीत आहे. जयभीम.